घुणाक्षर आणि चौकट
रोजच्या छायाचित्रांतील अनपेक्षित रचनेविषयी

१

योगायोगाचे वर्णन करण्यासाठी आपल्या जुन्या शास्त्रकारांनी दोन न्याय वापरले आहेत. पहिला काकतालीय न्याय. कावळा बसायला आणि ताडाचे फळ पडायला एकच गाठ पडते. मराठीत आपण ताडाच्या फळाऐवजी फांदी मोडतो, एवढाच फरक. दुसरा घुणाक्षर न्याय. लाकूड पोखरणारा किडा, म्हणजे घुण, आपल्या वाटेने लाकूड खात जातो आणि त्याच्या त्या वाटेतून कधी एखादे अक्षर उमटते. वरवर पाहता दोन्ही न्याय एकच गोष्ट सांगतात. परंतु त्यांत एक महत्त्वाचा भेद आहे. काकतालीयाला दोन घटना पुरतात. त्या पाहण्यास कोणी नसले तरी फळ पडायचे ते पडतेच. घुणाक्षराला मात्र तिसरा कोणी तरी लागतो. तो म्हणजे अक्षर ओळखणारा. निरक्षर माणसाच्या हाती ते लाकूड दिले तर त्याला केवळ पोखरलेले लाकूड दिसेल. अक्षर किड्याने काढले हे खरे. पण ते अक्षर झाले ते वाचणाऱ्यामुळे.

छायाचित्र ही कला आहे की नाही हा वाद आता जुना झाला आहे व तो उकरून काढण्याचे येथे प्रयोजन नाही. मला ज्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे तो त्याहून लहान, पण माझ्या मते अधिक अडचणीचा आहे. रस्त्यावर, अंगणात, बाजारात सहज घेतलेल्या छायाचित्रांत कधी कधी अशी एक रचना आढळते की ती कोणी योजलेली नसते. सावली, भिंत, एखादा हात, सायकलचे चाक ही परस्परांशी काही संबंध नसलेली माणसे व वस्तू चौकटीत आल्यावर एकमेकांना उत्तर देऊ लागतात. या रचनेचा कर्ता कोण? आणि जर तिला निश्चित कर्ता नसेल, तर तिच्या बऱ्यावाईटाचा जाब कोणाला विचारायचा? या प्रश्नाच्या विवेचनासाठी मी दोन अगदी घरगुती छायाचित्रांचा आधार घेणार आहे. दोन्ही बंगळूरच्या मल्लेश्वरम या वसाहतीतील आहेत. एक जुन्या आल्बममधले व दुसरे मी स्वतः घेतलेले. दोन्हींना कलाकृती म्हणून कोणी ओळखत नाही, आणि म्हणूनच ती मला या चर्चेस सोयीची वाटतात.

२

घरगुती चित्रांकडे वळण्यापूर्वी या प्रश्नाचे वय किती आहे ते पाहणे उपयुक्त ठरेल. तो छायाचित्रणाइतकाच जुना आहे. हेन्री फॉक्स टॅल्बट या इंग्रज संशोधकाने १८४४ ते १८४६ या काळात ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ हा छायाचित्रांचा ग्रंथ भागाभागांनी प्रसिद्ध केला. त्यात एका जागी त्याने जे निरीक्षण नोंदविले आहे त्यावर पुढील सर्व चर्चेचे बीज आहे असे म्हणण्यास हरकत नाही. छायाचित्र घेणाऱ्याला पुष्कळदा फार उशिरा कळते की आपण घेताना मनातही नसलेल्या कितीतरी गोष्टी चित्रात उतरल्या आहेत. इमारतीवरील एखादा लेख, एखादी तारीख, दूरच्या घड्याळाची तबकडी व त्या क्षणाची वेळ. चित्रकाराच्या बाबतीत हे घडू शकत नाही. त्याने न रंगविलेले घड्याळ त्याच्या चित्रात आपोआप येत नाही.

याच ग्रंथात ‘उघडे दार’ या नावाचे एक चित्र आहे. एका कोठाराचे अर्धवट उघडे दार, त्याला टेकवून ठेवलेला खराटा, भिंतीवर टांगलेला कंदील आणि तिरपी सावली. रोजच्या वापरातील खराट्याला चित्राचा विषय होण्याचा मान येथे मिळाला, आणि त्यासाठी टॅल्बटने डच चित्रकारांचा दाखला दिला आहे. गंमत अशी की सहज टिपल्यासारखे दिसणारे हे चित्र मुळीच सहज नाही. टॅल्बटने ते वेगवेगळ्या प्रकारे मांडून पाहिले होते. म्हणजे छायाचित्रणाच्या अगदी प्रारंभीच दोन टोके स्पष्ट झालेली दिसतात. योजून केलेली, पण सहज भासणारी रचना हे एक टोक. आणि न योजता आलेली, पण नंतर योजल्यासारखी भासणारी रचना हे दुसरे.

दुसऱ्या टोकाचे सर्वश्रुत उदाहरण म्हणजे आंरी कार्तिए-ब्रेसाँ याचे १९३२ सालचे पॅरिसमधील चित्र. सँ-लाझार स्थानकामागे साचलेल्या पाण्यावरून एक मनुष्य उडी घेत आहे. त्याची टाच अजून पाण्याला लागलेली नाही. मागच्या भिंतीवरील जाहिरातीत एक नर्तकी तशाच झेपेत आहे, आणि तिसरी झेप पाण्यातील प्रतिबिंबाची. हे चित्र इतके बांधेसूद आहे की ते ठरवून घेतले असावे असेच कोणालाही वाटेल. पण कुंपणाच्या फळ्यांमधील फटीतून कॅमेरा धरलेला होता, ती फट भिंगाला पुरेशी रुंदही नव्हती, आणि चित्राची एक बाजू नंतर कापावी लागली, हे स्वतः छायाचित्रकारानेच सांगितले आहे. चित्राची काटछाट करू नये असा आग्रह धरणाऱ्याच्या सर्वांत प्रसिद्ध चित्रांपैकी एक असे कापलेले असावे, यात मला विरोधापेक्षा बोध अधिक दिसतो. किडा आंधळेपणाने पोखरत असेल. अक्षर शोधणारी दृष्टी मात्र तेथे आधीपासून हजर होती.

३

आता पहिल्या घरगुती चित्राकडे वळू. मल्लेश्वरम ही वसाहत १८९८ च्या प्लेगनंतर वसविली गेली. दाट वस्तीच्या जुन्या पेठेबाहेर मोकळी हवा मिळावी हा तिच्या आखणीचा हेतू. संपिगे म्हणजे सोनचाफा. त्याच्या नावाचा एक रस्ता, कडुनिंबाच्या नावाचा दुसरा, आणि त्यांना छेदणारे, नावांऐवजी क्रमांक धारण करणारे आडवे रस्ते, म्हणजे ‘क्रॉस’. मराठी वाचकाला या भागाशी एक जुने नातेही सांगता येईल. ज्या मल्लिकार्जुनाच्या देवळावरून वसाहतीला नाव मिळाले, त्या काडु मल्लेश्वराला व्यंकोजी राजांनी १६६९ साली गाव इनाम दिल्याचा शिलालेख आहे. नोकरीनिमित्त आलेली काही मराठी कुटुंबे येथे स्थिरावली; माझ्या मावशीचे सासर त्यांपैकीच एक.

तिच्या आल्बमात साठ-बासष्ट वर्षांपूर्वीचे, बारशाच्या दिवशीचे एक छायाचित्र आहे. कॅमेरा साधा पेटीचा. ओट्याच्या पायऱ्यांवर पाच मुले उंचीनुसार उभी आहेत व मोठीच्या कडेवर बाळ आहे. त्या काळी हौशी माणसाला एकच नियम ठाऊक असे : सूर्य आपल्या पाठीमागे असावा. तो नियम काकांनी इतका काटेकोर पाळला आहे की त्यांची स्वतःचीच सावली, कोपरे बाहेर काढलेली, पुढच्या अंगणातील रांगोळीवर पडून मुलांच्या पायांपर्यंत गेली आहे. उजव्या कडेला, चौकटीने मनगटावर कापलेला, एक हात आहे. त्या हातात तांब्या आहे. हातात बांगडी नाही.

बा. सी. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराच्या चौकटीत हे चित्र ठेवून पाहण्याचा मोह अनावर होतो. ‘सौंदर्य आणि साहित्य’ या १९५५ च्या ग्रंथात त्यांनी सौंदर्याचे मूळ संवेदनांच्या लयबद्ध संघटनेत शोधले व त्या लयीचे संवाद, विरोध आणि समतोल हे तीन प्रकार मानले. चित्रातील विषयाला सौंदर्याच्या दृष्टीने स्वतंत्र मूल्य त्यांनी दिले नाही. या कसोटीला आमचे चित्र आश्चर्यकारकरीत्या उतरते. डाव्या खालच्या कोपऱ्यातील गडद सावली आणि उजव्या वरच्या कडेचा उजळ हात यांत समतोललय आहे. चढत्या उंचीची मुले आणि चढत्या पायऱ्या यांत संवादलय आहे. रांगोळीची बारीक रेषा आणि सावलीचा सपाट डाग यांत विरोधलय आहे. यांपैकी एकही गोष्ट काकांच्या मनात नव्हती. सावली त्यांची चूक होती, आणि हात ही दुसरी.

मी हे सर्व विवेचन मावशीला मोठ्या उत्साहाने ऐकविले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “तो थोरल्या आत्यांचा हात. फोटो काढायचा म्हटल्यावर त्या आपणहून बाजूला झाल्या होत्या. बारशाच्या फोटोत त्यांनी यायचे नसे.”

थोरल्या आत्या बालविधवा होत्या. आल्बमात त्यांचे दुसरे छायाचित्र नाही.

मावशीच्या त्या तीन वाक्यांनी माझे लयविवेचन खोटे ठरले नाही. सावली आणि हात यांचा समतोल जेथे होता तेथेच राहिला. परंतु आता त्या समतोलाला वजन आले. एका बाजूला चित्र घेणारा कर्ता पुरुष सावलीरूपाने नको तेथे आत आलेला, आणि दुसऱ्या बाजूला जिने बाहेर राहायचे ती स्त्री हातारूपाने आत राहिलेली. रचनेने जे नाकारले जात होते तेच धरून ठेवले. मर्ढेकरांचा सिद्धांत येथे अपुरा पडतो असे मला वाटते, आणि तो छायाचित्राच्या माध्यमामुळेच अपुरा पडतो. रंगचित्रातील हात प्रथम रंग व रेषा असतो, मग हात. छायाचित्रातील हात हा कोणाचा तरी हात असल्यावाचून रेषा होऊच शकत नाही. तेथील प्रत्येक संवेदना एका वस्तूची खूण अंगावर वागवीत येते. तेव्हा छायाचित्रातील लय ही नेहमी साक्षीची लय असते. तिच्यातून साक्ष वजा केली तर उरते ते छायाचित्र नव्हे, नुसता आराखडा.

४

ही रचना कोणी केली? काकांनी नाही, हे उघड आहे. आत्यांनी तर नाहीच. ती साठ वर्षे आल्बमात घुणाक्षरासारखी पडून होती. ती वाचली गेली तेव्हा ती घडली. येथे राजशेखराच्या एका भेदाचे स्मरण होते. दहाव्या शतकाच्या सुमारास लिहिलेल्या ‘काव्यमीमांसे’त त्याने प्रतिभेचे दोन प्रकार केले आहेत. कवीच्या ठिकाणी असते ती कारयित्री आणि भावकाच्या, म्हणजे रसिकाच्या, ठिकाणी असते ती भावयित्री. एक निर्माण करते, दुसरी ग्रहण करते. काव्यात ही दोन माणसे वेगळी असतात, निदान दोन व्यापार तरी वेगळे असतात. छायाचित्रात मात्र हा क्रम उलटतो. रोजचे छायाचित्र घेणारा मनुष्य जगातले काही निर्माण करीत नाही. तो समोर पडलेल्या अगणित रेघांतून एक अक्षर वाचतो आणि चौकट टाकून ते वेगळे काढतो. त्याच्या ठिकाणी भावयित्री प्रतिभाच कारयित्री होते. प्रस्तुत लेखात मला प्रामुख्याने जे मांडावयाचे आहे ते हेच.

या विधानातून एक उपयुक्त भेद हाती येतो. काडु मल्लेश्वराच्या देवळासमोर १९९७ साली मातीखालून एक जुने तीर्थकुंड उघडकीस आले. तेथे नंदीच्या मुखातून पडणारे पाणी शिवलिंगावर पडते व पुढे कुंडात जाते. येणारा प्रत्येक मनुष्य नंदी, धार आणि लिंग यांचे चित्र घेतो, व ती सर्व चित्रे सारखीच सुंदर व सारखीच निरुपयोगी असतात. कारण ती रचना शिल्पकाराने आधीच केलेली आहे. कॅमेरा तिची नक्कल उतरवून घेतो. याउलट त्याच कुंडाच्या पायऱ्यांवर एखाद्याच्या ओल्या पावलांच्या खुणा वाळत जाताना, मागे ठेवलेली कापडी पिशवी आणि भिंतीची सावली यांच्याशी त्या क्षणभर जुळल्या, तर तेथे वाचावयास काही तरी आहे. रचनेचे छायाचित्र आणि छायाचित्राची रचना या दोन गोष्टी भिन्न आहेत. हौशी मंडळींच्या प्रदर्शनांतून पहिलीचाच सुकाळ असतो.

परंतु छायाचित्रकार जर वाचक असेल तर वाचकाचे दोषही त्याला चिकटतात. याचा अनुभव मला दुसऱ्या चित्रात आला, आणि तो सांगताना मला स्वतःची सुटका करून घ्यावयाची नाही. मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवर फुलांचा बाजार भरतो. एका सकाळी तेथे एक फुलवाली पोत्यावर बसून शेवंतीची माळ करीत होती. दोऱ्याचे एक टोक तिने दातांत धरले होते. मागच्या भिंतीवर अर्धवट फाटलेली एक जाहिरात होती आणि तिच्यात छापील डोळा तेवढा शिल्लक होता. मी दोन चित्रे घेतली. पहिल्यात फुलवालीचा चेहरा, दोरा, माळ, भिंत असे सर्व होते. दुसऱ्यासाठी मी किंचित वाकलो आणि चौकट खाली आणली. तिची मान वरच्या कडेने कापली गेली, खांद्याशेजारी तो छापील डोळा आला, आणि त्या खाली पिवळ्या माळेचा तिरपा त्रिकोण. जणू माणसाचा चेहरा जाऊन त्या जागी कागदाचा डोळा बसला होता. ते चित्र मित्रमंडळींत वाखाणले गेले. मीही ते मोठे करून घेतले.

मावशीने ते पाहिले व विचारले, “ही आठव्या क्रॉसवरची फुलवाली ना? तिचे तोंड कुठे गेले?”

प्रश्न साधा होता, व मजजवळ उत्तर नव्हते. बारशाच्या चित्रात चौकटीने आत्यांना कापले होते, आणि त्या कापण्यातूनच त्यांची साक्ष उरली होती. येथे मी फुलवालीला कापले होते, आणि त्या कापण्यातून माझे चातुर्य तेवढे उरले होते. दोन्ही चित्रांत अनपेक्षित रचना आहे. दोन्हींत मनुष्याचा एक भाग वगळलेला आहे. पण पहिल्यात रचना आपल्याला माणसाकडे नेते, दुसऱ्यात माणूस रचनेच्या उपयोगी पडून संपतो. एखाद्या वाक्यातील दोनच शब्द उचलून त्यावर कोटी करणारा वाचक जे करतो, तेच मी केले होते. कोटी बरी असेल. वाक्य मात्र मेले.

मग मी पहिले चित्र पुन्हा काढून पाहिले. ते कमी नीटस आहे. डावीकडे अर्धी सायकल आहे आणि तिचे तेथे काही काम नाही. पण त्यात फुलवालीची नजर दातांतल्या दोऱ्याच्या टोकाशी खिळलेली आहे, आणि भिंतीवरचा डोळा कोणाकडेच न पाहता रस्त्याकडे पाहतो आहे. एक नजर कामाला लागलेली, दुसरी रिकामी. विरोधलय म्हणायची तर ती येथे आहे, आणि ती दुसऱ्या चित्रातल्यापेक्षा कितीतरी खोल आहे. मी ती त्या दिवशी वाचली नव्हती, कारण मला सोपे अक्षर सापडले होते.

५

या दृष्टीने आपल्याकडील दोन मोठ्या छायाचित्रकारांचे काम पाहणे बोधप्रद ठरते. मैसूरचे टी. एस. सत्यन (१९२३–२००९) यांनी वृत्तपत्रे व नियतकालिके यांसाठी आयुष्यभर साध्या माणसांची कृष्णधवल चित्रे घेतली; १९७७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रांत रचना आहे, परंतु ती आवाज करीत नाही. माणसाचा चेहरा रचनेस बळी दिल्याचे त्यांच्याकडे क्वचितच दिसेल. रघुबीर सिंग (१९४२–१९९९) यांचा मार्ग याच्या अगदी उलट. त्यांच्या रंगीत चित्रांत मोटारीचे दार, आरसा, खांब, काच यांनी चौकटीचे तुकडे पडतात. माणसे कडांवर अर्धी कापली जातात. वरवर पाहता माझ्या दुसऱ्या चित्रातील दोष त्यांच्या शैलीचाच भाग आहे असे वाटेल. तथापि त्यांच्या उत्तम चित्रांत प्रत्येक तुकड्यातील मनुष्य आपापल्या उद्योगात पूर्ण गुंतलेला असतो. कोणीही दुसऱ्याच्या आकृतीची केवळ रेषा होत नाही. मुंबईवरील त्यांचे पुस्तक (१९९४) पाहताना शहराची दाटी हीच रचना होते. तेव्हा चेहरा दिसतो की नाही हा बाह्य निकष आहे. खरा निकष असा, की रचना कळल्यानंतर आपण वस्तूकडे अधिक वेळ पाहतो की कमी.

हा निकष काटेकोर नाही, हे मला मान्य आहे. यावर असा आक्षेप घेता येईल की मी सौंदर्याच्या प्रश्नात नीतीची भेसळ करीत आहे. बारशाच्या चित्रातील हाताची हकीकत मला मावशीने सांगितली. ती चित्रात नाही. हकीकत ठाऊक नसलेल्या प्रेक्षकाला तो हात केवळ हातच दिसणार, मग चित्राचे मूल्य हकीकतीवर कसे अवलंबून राहील? हा आक्षेप वजनदार आहे. त्याला माझे उत्तर एवढेच की बांगडी नसलेला, कडेला कापलेला, तांब्या धरलेला तो हात हकीकतीशिवायही एक प्रश्न विचारतो : ही कोण, आणि ती बाहेर का? मावशीने प्रश्नाचे उत्तर दिले. प्रश्न चित्राचाच होता. फुलवालीच्या दुसऱ्या चित्रात असा प्रश्न उमटतच नाही. तो मावशीला बाहेरून विचारावा लागला. जी रचना स्वतः प्रश्न विचारते आणि जिला तो बाहेरून विचारावा लागतो, यांतला भेद सौंदर्याचाच आहे असे मी मानतो.

आज हा विचार करण्यास आणखी एक निकड आहे. प्रत्येक खिशात कॅमेरा आहे. अंगठ्याच्या एका ओढीने चौकट हवी तशी कापता येते. आणि आता तर नुसते शब्द सांगून, कॅमेऱ्यावाचून, छायाचित्रासारखी दिसणारी चित्रे यंत्राकडून करवून घेता येतात. अशा चित्रात संवाद, विरोध, समतोल हवे तेवढे भरता येतील. त्यात घुणही नसेल आणि लाकूडही नसेल. अक्षर मात्र सुबक असेल. बांगडीवाचूनचा एक हात कडेला ठेव म्हणून यंत्राला सांगता येईल. परंतु जो हात कोणी सांगितला नव्हता, जो येऊ नये म्हणून बाजूला झाला होता आणि तरीही आला, तो सांगून आणता येणार नाही. अनपेक्षित रचनेचे मोल तिच्या नवलात नाही. जग आपल्या योजनेपेक्षा मोठे आहे याची ती लेखी कबुली आहे, यात ते आहे.

फुलवालीचे मोठे केलेले चित्र मी भिंतीवरून उतरविले आहे. त्या जागी पहिले, अर्ध्या सायकलीचे, लावले आहे. त्या सायकलीचे तेथे काय काम, हे मला अजून वाचता आलेले नाही.